टॉमी डग्लस : प्रांतातून देशाला दिशा देणारा नेता

कॅनडाच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ व्यक्ती कोणती, असा कौल तेथील कॅनेडियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन अर्थात 'सीबीसी'ने २००४ मध्ये आपल्या प्रेक्षकांकडून मागविला होता. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल, इन्शुलिनच्या शोधाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते फ्रेडरिक बँटिंग, माजी पंतप्रधान पिअर ट्रुडो आणि लेस्टर पिअर्सन, आइस हॉकीचा बादशहा वेन ग्रेट्स्की अशी नामावळी समोर असताना प्रेक्षकांनी पहिला क्रमांक दिला तो टॉमी डग्लस यांना. डग्लस कधीही देशाचे पंतप्रधान झाले नाहीत. त्यांच्या नेतृत्वाखाली त्यांचा पक्ष राष्ट्रीय राजकारणात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या वर कधी सरकला नाही. त्यांचे खरे कर्तृत्व घडले ते सास्काचेवान या गहू पिकविणाऱ्या, विरळ वस्तीच्या प्रांतात. तेथे १९४४ ते १९६१ अशी सतरा वर्षे ते 'प्रीमियर', म्हणजे आपल्याकडील भाषेत मुख्यमंत्री, होते.

आजारी माणसाच्या खिशात पैसे आहेत की नाहीत हे न पाहता त्याच्यावर उपचार व्हावेत आणि त्याचा खर्च समाजाने मिळून उचलावा, हे तत्त्व कॅनडात आज गृहीत धरले जाते. ते रुजले एका प्रांतात, आणि तेही एका फटक्यात नव्हे, तर टप्प्याटप्प्याने. कॅनडाच्या संघराज्याची घटना मानल्या जाणाऱ्या १८६७ च्या ब्रिटिश नॉर्थ अमेरिका कायद्याने रुग्णालये प्रांतांच्या अखत्यारीत ठेवली होती. त्यामुळे आरोग्यसेवेत काही मूलगामी करायचे, तर त्याची सुरुवात प्रांतातूनच होणे क्रमप्राप्त होते. डग्लस यांच्या कारकिर्दीचे महत्त्व समजण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते.

वाचलेला पाय

थॉमस क्लेमेंट डग्लस यांचा जन्म २० ऑक्टोबर १९०४ रोजी स्कॉटलंडमधील फॉलकर्क येथे झाला. वडील लोखंडाच्या ओतकामाचे कारागीर होते. डग्लस लहान असतानाच हे कुटुंब कॅनडातील विनिपेग शहरात स्थलांतरित झाले. त्यापूर्वी पडल्यामुळे डग्लस यांच्या उजव्या गुडघ्याला इजा झाली होती आणि तिचे पर्यवसान हाडाच्या चिवट संसर्गात झाले होते. विनिपेगमध्ये दुखणे पुन्हा उलटले. कुटुंबाला नामांकित शल्यचिकित्सक परवडणारा नव्हता. धर्मार्थ विभागातील डॉक्टरांनी पाय कापावा लागेल, असे सांगितले. योगायोगाने एका अस्थिशल्यविशारदाला हा रुग्ण वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी उपयोगी वाटला. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू देण्याच्या अटीवर त्याने विनामूल्य उपचार केले आणि पाय वाचला.

ही हकीकत डग्लस पुढे वारंवार सांगत. मात्र त्या डॉक्टरांच्या औदार्यापाशी ते थांबत नसत. श्रीमंताच्या मुलाला असा उपचार हक्काने मिळाला असता, आपल्याला तो केवळ नशिबाने मिळाला, हा त्यांचा मुद्दा असे. उपचार ही दयेची बाब राहू नये, या त्यांच्या आग्रहाचे मूळ या अनुभवात होते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात हे कुटुंब स्कॉटलंडला परतले आणि युद्ध संपल्यावर पुन्हा विनिपेगला आले. १९१९ च्या मे-जून महिन्यांत या शहरात सुमारे तीस हजार कामगारांचा सार्वत्रिक संप झाला. २१ जून रोजी घोडेस्वार पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. चौदा वर्षांच्या डग्लस यांनी तो एका इमारतीच्या छतावरून पाहिला. त्यानंतर त्यांनी छापखान्यात उमेदवारी केली आणि लायनोटाइप यंत्रावर काम करण्याचे कसब मिळविले. ज्याचा पाय कापला जाणार होता, त्याच तरुणाने १९२२ मध्ये मुष्टियुद्धातील लाइटवेट गटाचे मॅनिटोबा प्रांताचे विजेतेपद पटकाविले आणि पुढच्या वर्षी ते राखलेही. १९२४ मध्ये बाप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक होण्यासाठी त्यांनी ब्रँडन कॉलेजात प्रवेश घेतला.

धुळीच्या वादळातील धर्मोपदेशक

१९३० मध्ये इर्मा डेम्प्सी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास सास्काचेवानच्या दक्षिण भागातील वेबर्न या गावच्या कॅल्व्हरी बाप्टिस्ट चर्चमध्ये ते रुजू झाले. हा काळ महामंदीचा होता. गव्हाचे भाव कोसळले होते आणि पाठोपाठ अवर्षणाची वर्षे आली. वाऱ्याबरोबर शेतातील माती उडून जाऊ लागली. ज्या शेतकऱ्याच्या हाती रोख पैसाच नव्हता, तो डॉक्टरचे बिल देऊ शकत नसे. आणि बिलेच चुकती होत नसल्याने डॉक्टरलाही खेड्यात तग धरणे कठीण होई. काही ग्रामीण नगरपालिकांनी यावर उपाय म्हणून कराच्या पैशातून डॉक्टरला वार्षिक वेतन देण्याची पद्धत सुरू केली होती. पुढील काळातील सार्वजनिक आरोग्य योजनेचे हे बीज होते आणि ते डग्लस यांच्या आधीचे होते, हेही नमूद केले पाहिजे.

१९३१ मध्ये वेबर्नजवळच्या एस्टेव्हान येथे कोळसा खाणीतील कामगारांनी संप केला. त्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात तीन कामगार ठार झाले. डग्लस यांनी या संपकऱ्यांच्या कुटुंबांसाठी मदत नेली होती. केवळ प्रवचने देऊन आणि जुने कपडे वाटून लोकांचे हाल थांबणार नाहीत, अशी त्यांची खात्री होत गेली. १९३२ मध्ये कॅलगरी येथे शेतकरी, कामगार आणि समाजवादी गटांनी एकत्र येऊन 'को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन' म्हणजेच 'सीसीएफ' हा पक्ष स्थापन केला. डग्लस त्यात सामील झाले. १९३४ ची प्रांतिक निवडणूक ते हरले; पण १९३५ मध्ये वेबर्नमधूनच केंद्रीय संसदेवर निवडून गेले.

संसदेत आणि सभांमध्ये त्यांच्या वक्तृत्वाची छाप पडू लागली. नर्मविनोद हे त्यांचे मुख्य शस्त्र होते. कॅनडाच्या राजकीय स्मृतीत रुजलेली 'माउसलँड' ही उंदरांच्या राज्याची रूपककथा त्यांच्याच तोंडून लोकप्रिय झाली. ती मूळ त्यांचे सहकारी क्लॅरेन्स गिलिस यांची. या राज्यातले उंदीर दर निवडणुकीत कधी काळ्या, तर कधी पांढऱ्या मांजरांना सत्तेवर बसवितात आणि मग आपली स्थिती का सुधारत नाही, याचे नवल करीत राहतात, अशी ही गोष्ट. दोन प्रस्थापित पक्षांवरचा हा टोला ग्रामीण श्रोत्याला लगेच कळत असे.

१९४४ चा कौल

१५ जून १९४४ रोजी झालेल्या प्रांतिक निवडणुकीत डग्लस यांच्या नेतृत्वाखाली सीसीएफने ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या. उत्तर अमेरिकेत समाजवादी म्हणविणाऱ्या पक्षाचे हे पहिले सरकार. विरोधकांनी प्रचारात शेतजमिनी सरकारजमा होतील, अशी भीती घातली होती. प्रत्यक्षात नव्या सरकारने कर्जबाजारी शेतकऱ्याचे घर आणि जमीन सावकारी जप्तीपासून वाचविणारा कायदा केला. त्याच वर्षी कामगार संघटनांना मान्यता आणि वाटाघाटींचा हक्क देणारा कायदाही झाला. १९४६ मध्ये सरकारी बससेवा आणि सक्तीचा मोटार अपघात विमा सुरू झाला. वीज महामंडळाच्या माध्यमातून दूरवर विखुरलेल्या शेतघरांपर्यंत वीज नेण्याचे काम पुढील दशकात झाले. १९४७ मध्ये सास्काचेवानने मानवी हक्कांची सनद कायद्याच्या स्वरूपात मंजूर केली. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा त्यानंतर एका वर्षाने आला. मतदानाचे वय १८ वर आणणे आणि १९६० मध्ये मूळनिवासी समाजाला प्रांतिक निवडणुकीत मताधिकार देणे, हेही याच सरकारचे निर्णय.

सारेच प्रयोग यशस्वी झाले, असे मात्र नाही. सरकारने काढलेला बुटांचा कारखाना, चामडे कमाविण्याचा उद्योग आणि लोकरीची गिरणी तोट्यात गेली व बंद करावी लागली. डग्लस यांनी त्यापासून बोध घेतला. ज्या सेवा सर्वांना लागतात आणि ज्या खासगी उद्योग परवडणाऱ्या दरात देत नाही, तेथेच सरकारने उतरावे, असा त्यांच्या सरकारचा कल पुढे दिसतो. अर्थमंत्री क्लॅरेन्स फाइन्स हे कमालीचे काटकसरी होते. त्यांनी वर्षानुवर्षे शिलकी अंदाजपत्रके मांडली आणि प्रांताच्या डोक्यावरचे कर्ज उतरवीत नेले. समाजवादी सरकार म्हणजे उधळपट्टी, हा आक्षेप खोडून काढण्याइतकेच त्याचे दुसरेही कारण होते. कर्जाचे व्याज भरण्यात महसूल जाऊ लागला, तर आरोग्यासाठी पैसा उरणार नाही, हे डग्लस ओळखून होते.

आधी हिशेब, मग पुढचे पाऊल

आरोग्य खाते डग्लस यांनी सुरुवातीला स्वतःकडेच ठेवले. सत्तेवर येताच त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकीय इतिहासाचे अभ्यासक हेन्री सिगरिस्ट यांना पाचारण करून प्रांताच्या आरोग्यस्थितीची पाहणी करून घेतली. त्यानंतरची पावले क्रमाने पडत गेली. आधी निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध, विधवा यांसारख्या घटकांना मोफत उपचार मिळाले. कर्करोग आणि मानसिक आजारांवरील उपचारांचा भार सरकारने उचलला. १९४६ मध्ये स्विफ्ट करंट या भागात सर्व रहिवाशांसाठी डॉक्टर आणि रुग्णालय अशा दोन्ही सेवांची प्रादेशिक योजना सुरू झाली. तिचा खर्च स्थानिक कर आणि वैयक्तिक हप्ता यांतून भागविला जाई. मोठ्या योजनेचा आराखडा लहान प्रदेशात तपासून पाहण्याची संधी यामुळे मिळाली.

१ जानेवारी १९४७ पासून संपूर्ण प्रांतात रुग्णालय विमा योजना लागू झाली. माणशी वर्षाला पाच डॉलर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त तीस डॉलर, एवढा हप्ता भरला की रुग्णालयातील वास्तव्याचा खर्च योजनेतून होई. सर्वांना सक्तीने लागू असणारी अशी योजना या खंडात प्रथमच राबविली जात होती. मात्र डॉक्टरांची फी तिच्यात समाविष्ट नव्हती. तेवढा पैसाही नव्हता आणि डॉक्टरही पुरेसे नव्हते. दरम्यान सास्काटून येथील विद्यापीठात पूर्ण वैद्यकीय शिक्षणाची सोय आणि विद्यापीठाचे रुग्णालय उभे राहिले.

ही कोंडी फुटली ती ओटावातील निर्णयाने. प्रांतांच्या रुग्णालय विम्याचा सुमारे निम्मा भार केंद्राने उचलण्याची तरतूद करणारा कायदा १९५७ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि १९५८ पासून अमलात आला. सास्काचेवान अकरा वर्षे स्वतःच्या खिशातून जो खर्च करीत होता, त्यातील मोठा भाग त्यामुळे मोकळा झाला. या बचतीच्या भरवशावर डग्लस यांनी १९५९ मध्ये डॉक्टरांच्या सेवांसह सार्वत्रिक वैद्यकीय विम्याची घोषणा केली. सर्वांना संरक्षण, आगाऊ हप्ता, उच्च दर्जा, सार्वजनिक नियंत्रण आणि सेवा देणारे व घेणारे अशा दोघांनाही मान्य होईल अशी रचना, ही पाच तत्त्वे त्यांनी मांडली. यातील शेवटचे तत्त्वच पुढे सर्वाधिक अवघड ठरले.

जून १९६० ची निवडणूक याच प्रश्नावर लढली गेली. डॉक्टरांच्या संघटनेने सदस्यांकडून वर्गणी गोळा करून योजनेविरुद्ध प्रचार केला. सीसीएफने बहुमत राखले, पण मतांचा वाटा निम्म्याहून कमी होता. योजनेला लोकांचा कौल मिळाला, असे सरकार म्हणू लागले. बहुसंख्य मतदारांनी तो दिलेला नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते.

तेवीस दिवसांचा संप

याच काळात सीसीएफ आणि कामगार संघटनांच्या एकत्रीकरणातून 'न्यू डेमोक्रॅटिक पार्टी' अर्थात 'एनडीपी' हा नवा राष्ट्रीय पक्ष आकाराला आला. ऑगस्ट १९६१ मध्ये त्याचे पहिले नेते म्हणून डग्लस यांची निवड झाली आणि नोव्हेंबरात त्यांनी प्रीमियरपद सोडले. वैद्यकीय विम्याचा कायदा त्याच महिन्यात संमत झाला; पण तो अमलात आणण्याची जबाबदारी त्यांचे उत्तराधिकारी वुड्रो लॉइड यांच्यावर येऊन पडली. लॉइड हे मूळचे शिक्षक. त्यांना डग्लस यांच्यासारखे सभा गाजविणारे वक्तृत्व नव्हते. मात्र निर्णयावर ठाम राहण्याचा स्वभाव होता.

१ जुलै १९६२ रोजी योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. तातडीची सेवा निवडक रुग्णालयांपुरती उरली. डॉक्टरांची भूमिका केवळ पैशाची नव्हती. सरकार एकदा फी देणारे झाले की उपचार कसे करावेत हेही सरकारच ठरवील, अशी त्यांना धास्ती होती. ऐच्छिक विमा योजना अस्तित्वात असताना सक्ती कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. कुटुंबाचा डॉक्टर गाव सोडून जाईल, या भीतीने अनेक सामान्य नागरिक 'आमचे डॉक्टर राखा' या चळवळीत उतरले. दुसऱ्या बाजूला सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणविले आणि योजनेच्या समर्थकांनी सहकारी तत्त्वावर दवाखाने उघडले. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वितुष्ट येण्यापर्यंत हा वाद चिघळला. ११ जुलै रोजी रेजायना येथे विधिमंडळासमोर झालेल्या विरोधकांच्या मेळाव्याला अपेक्षेपेक्षा फारच कमी लोक आले आणि संपाचा जोर ओसरू लागला.

ब्रिटनमधील डॉक्टर आणि मजूर पक्षाचे उमराव लॉर्ड स्टीफन टेलर यांनी मध्यस्थी केली. २३ जुलै रोजी सास्काटून येथे समझोता झाला. डॉक्टर सरकारचे पगारी नोकर होणार नाहीत, ते स्वतंत्रपणे व्यवसाय करतील आणि प्रत्येक सेवेची फी त्यांना मिळेल. इच्छा असल्यास ते योजनेबाहेर राहूनही रुग्ण तपासू शकतील, असे ठरले. सार्वत्रिक विमा मात्र कायम राहिला. खर्च देणारी यंत्रणा सार्वजनिक आणि सेवा देणारा डॉक्टर स्वतंत्र, ही कॅनडातील व्यवस्थेची आजवर टिकलेली घडण या तडजोडीतून निर्माण झाली.

या संघर्षाची राजकीय किंमत मोठी होती. जून १९६२ च्या केंद्रीय निवडणुकीत खुद्द डग्लस रेजायनातून पराभूत झाले. १९६४ मध्ये लॉइड यांचे सरकार गेले. परंतु सत्तेवर आलेल्या लिबरल पक्षाच्या रॉस थॅचर यांनीही योजना मोडीत काढली नाही. दोन वर्षांत ती लोकांच्या अंगवळणी पडली होती.

ओटावातील वर्षे

डग्लस पोटनिवडणूक जिंकून ब्रिटिश कोलंबियातून संसदेत परतले. १९६१ मध्ये पंतप्रधान जॉन डिफेनबेकर यांनी नेमलेल्या न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने १९६४ मध्ये देशभर सार्वत्रिक वैद्यकीय विम्याची शिफारस केली. डिफेनबेकर आणि हॉल हे दोघेही सास्काचेवानचेच आणि दोघेही पुराणमतवादी पक्षाच्या परंपरेतले. लेस्टर पिअर्सन यांच्या अल्पमतातील लिबरल सरकारने १९६६ मध्ये त्यासाठी कायदा केला. १९६८ मध्ये त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांत त्यात आले. म्हणजे कल्पना राबविली समाजवाद्यांनी, तिची शिफारस केली पुराणमतवादी वारशाच्या न्यायमूर्तींनी आणि तिला राष्ट्रीय रूप दिले उदारमतवाद्यांनी.

ऑक्टोबर १९७० मध्ये क्वेबेकमधील फुटीरतावादी अतिरेक्यांनी ब्रिटिश अधिकारी जेम्स क्रॉस आणि प्रांतिक मंत्री पिअर लापोर्त यांचे अपहरण केले. पंतप्रधान पिअर ट्रुडो यांनी युद्धकालीन आणीबाणीचा कायदा लागू केला. विनाचौकशी अटकेचे अधिकार देणाऱ्या या कायद्याला डग्लस यांनी संसदेत विरोध केला. लोकमत तेव्हा पूर्णपणे सरकारच्या बाजूने होते आणि या भूमिकेमुळे त्यांच्या पक्षाची लोकप्रियता घसरली. पुढे मात्र त्या कारवाईविषयी अनेकांचे मत बदलले. १९८८ मध्ये तो कायदाच रद्द होऊन त्याच्या जागी अधिक बंधने घालणारा नवा कायदा आला. डग्लस यांनी १९७१ मध्ये पक्षनेतृत्व सोडले आणि १९७९ मध्ये संसदेतून निवृत्ती घेतली. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी ओटावा येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. अभिनेत्री शर्ली डग्लस या त्यांच्या कन्या, तर हॉलिवूडमधील अभिनेता कीफर सदरलँड हा त्यांचा नातू.

प्रतिमेच्या सावल्या

डग्लस यांच्या चरित्रात अडचणीचे ठरणारे एक प्रकरण आहे. १९३३ मध्ये मॅकमास्टर विद्यापीठाला सादर केलेल्या एम.ए.च्या प्रबंधात त्यांनी 'अवमानक' ठरविलेल्या व्यक्तींच्या नसबंदीची शिफारस केली होती. सुप्रजननवादाचा हा विचार त्या काळी उत्तर अमेरिकेत प्रतिष्ठित मानला जाई. शेजारच्या अल्बर्टा प्रांतात तसा कायदाही होता. पण तेवढ्याने शिफारशीचे समर्थन होत नाही. सत्तेवर आल्यावर त्यांनी असा कायदा आपल्या प्रांतात होऊ दिला नाही, हेही तितकेच खरे. दुसरी सावली त्यांच्यावर इतरांनी धरलेली. कॅनडाच्या पोलीस यंत्रणेने तीन दशकांहून अधिक काळ त्यांच्यावर पाळत ठेवली होती आणि त्या फायलीची हजाराहून अधिक पाने भरली होती, हे २००६ मध्ये उघड झाले.

अपुरे राहिलेले काम

१९८४ च्या कॅनडा आरोग्य कायद्याने रुग्णाकडून जादा शुल्क घेण्यास आळा घातला. तरीही व्यवस्था निर्दोष नाही. शस्त्रक्रियांसाठी लागणारी दीर्घ प्रतीक्षा हा कायमचा तक्रारीचा विषय आहे. २००५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्वेबेकमधील एका खटल्यात याच विलंबाच्या कारणावरून त्या प्रांतातील खासगी विम्यावरची बंदी अमान्य केली. रुग्णालयाबाहेर लागणारी औषधे आणि दातांचे उपचार तर मूळ योजनेत समाविष्टच नव्हते. २०२४ मध्ये मर्यादित औषधांसाठीचा कायदा आणि गरजूंसाठी दंतोपचार योजना आली, तीही अल्पमतातील लिबरल सरकारला एनडीपीने दिलेल्या पाठिंब्याच्या बदल्यात.

लोकांना सर्वश्रेष्ठ म्हणून एक नाव निवडायला सांगितले की श्रेय एका माणसाच्या पदरात पडते. डग्लस यांच्या बाबतीत ते श्रेय वेतनावर डॉक्टर ठेवणाऱ्या खेड्यांचे, हिशेब जुळविणाऱ्या फाइन्स यांचे, संपाचा भार सोसणाऱ्या लॉइड यांचे आणि आपापल्या पक्षाच्या चौकटीबाहेर पाहणाऱ्या हॉल व पिअर्सन यांचेही आहे. डग्लस यांचा मोठेपणा असा, की लोकांना पुढची पायरी दाखविताना त्यांनी पहिली पायरी पक्की करण्याचे काम कधी कमी लेखले नाही. सुमारे नऊ लाख वस्तीच्या, कर्जात बुडालेल्या प्रांताला जे जमले, ते आपल्याला जमणार नाही, असे म्हणणे नंतर देशातील कोणत्याही सरकारला कठीण गेले.